हळू, आत वस्ती आहे

काचेचा ग्लास डाव्या हातात धरून उजेडाकडे न्यायचा, उजवा डोळा मिटायचा, आणि समोरच्याने ग्लासकडे नुसतं बोट जरी नेलं तरी म्हणायचं, "हळू. आत वस्ती आहे."

ग्लासात असायचं खाडीचं पाणी. दूध कमी पडलेल्या चहासारखं. तुम्ही-आम्ही ज्यात पाय बुडला तर आधी चप्पल धुऊन घेऊ, ते पाणी सर असं धरायचे की जणू शेजारणीने सांभाळायला दिलेलं तान्हं मूल.

रोह्यात ते आमच्याच आळीत, त्यांच्या ताईंकडे राहायला आले. ताई विधवा, हे बिनलग्नाचे. निवृत्तीनंतर दोघं भावंडं एकमेकांना धरून राहिली. रोज सकाळी सर बादली घेऊन नदीकडे निघायचे. आळीने निष्कर्ष काढला की ताईंच्या नळाला पाणी येत नाही. आमच्या हिला कळवळा आला आणि तिने माझ्या डोक्यावर, म्हणजे अक्षरशः खांद्यावर, एक भरलेला हंडा देऊन मला पाठवलं. सरांनी हंड्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला आणि थोड्याशा निराशेने म्हणाले, "यात कुणीच राहत नाही. तुम्ही पिऊ शकता."

ही आमची पहिली भेट. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे शहाणे आहेत का तसे?" मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

सर आयुष्यभर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत, प्रयोगशाळेत नोकरीला होते. मी साहजिकच विचारलं, "मग बोटीवरून खूप हिंडला असाल?"

"एकदाच गेलो," ते म्हणाले. "जाईपर्यंत आणि येईपर्यंत बाकावर आडवा. समुद्र दिसलाच नाही, नुसती बादली दिसली. पुढे मला कुणी नेलंही नाही."

"मग नोकरीभर काय केलंत?"

"दुसऱ्यांनी आणलेलं पाणी पाहिलं." आणि हसून म्हणाले, "मला समुद्र आवडतो हो. त्याला मी आवडत नाही. एकतर्फी प्रकरण."

त्यांची इच्छा मात्र एकच होती, आणि ती ते कुणालाही, अगदी भाजीवालीलाही, सांगायचे. खाडीकाठच्या शाळेतलं एक मूल समुद्राच्या अभ्यासाला गेलं पाहिजे. "एकच. बोटीवर गेलं पाहिजे, आणि त्याला उलटी झाली नाही पाहिजे."

आधी त्यांनी रोह्याच्या शाळा पालथ्या घातल्या. मुलं सूक्ष्मदर्शकात डोकावायची, "आयला, हलतंय!" म्हणायची, आणि मग त्यांच्यातला एखादा पोक्त विचारायचा, "सर, हे शिकून कंपनीत लागतं का? परमनंट कधी करतात?" ज्या गावात घड्याळापेक्षा शिफ्टच्या भोंग्यावर स्वयंपाक होतो, तिथे दुसरं काय विचारणार? सर खचले नाहीत, पण घरी येऊन ताईंना म्हणाले, "एकही सापडला नाही."

माझी शाळा पेणच्या खारेपाटात, वडखळच्या अलीकडे आत. मी मराठी शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांना मी सरांबद्दल सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "बोलवा की. शनिवारी तुमचा तास देऊ त्यांना. मुलांचं काही नुकसान व्हायचं नाही." एवढ्या वर्षांच्या अध्यापनाचं इतकं नेमकं मूल्यमापन आधी कुणी केलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी माझ्या स्कूटरवर मागे सर. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक. येताना त्यावर आणखी पाण्याची बरणी. कोलाड-खांबच्या पट्ट्यातला रस्ता तुम्हाला माहीत आहे. तिथे रस्ता कमी आणि त्याची आठवण जास्त. खड्डा आला की पाठीमागून आवाज यायचा, "हळू! आत वस्ती आहे." सुरुवातीला मला वाटायचं, म्हाताऱ्याला कंबरेची काळजी आहे. मग बरणी माझ्या पाठीवर सांडायची, आणि "गेले बिचारे," असा हळहळीचा सूर निघायचा. हे बिचारे म्हणजे मी नव्हे. घरी पोचलो की ही दारातच नाक धरायची. "आज कुठल्या खाडीत पडलात?"

सरांचे शर्ट सगळे पांढरे, अर्ध्या बाह्यांचे. खिशाला पेनाऐवजी ड्रॉपर लावलेला. तो कायम ठिबकायचा, त्यामुळे प्रत्येक खिशावर मिठाचा एक पिवळट गोल डाग. ताई धुऊन धुऊन थकल्या. "मेला समुद्र खिशात घेऊन फिरतो," म्हणायच्या.

पहिल्याच शनिवारी दर्शना दिसली. सातवीत होती. खाडीच्या पाण्याचा थेंब पाहून तिने डोकं वर काढलं.

"मच्छर हाय."

"मच्छर नाही. चिंबोरीचं, खेकड्याचं पिल्लू आहे ते."

"जा सर! चिंबोरी मी रोज बगतंय. माझी आई रांधतं. हिला तं डोक्यावर काटा हाय, नि नांग्या कुटं हायत?"

"लहानपणी अशीच असते. मग एकेक कात टाकत, बदलत चिंबोरी होते."

ती परत वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मागची रांग ढकलायला लागली, "ए, सरक की आता!" तर न बघताच मागे हात करून म्हणाली, "हलू रं, आत वस्ती हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. परत येताना स्कूटरवर एक अक्षर बोलले नाहीत. बरणी दोनदा सांडली, तरी नाही.

आता बांधाची गोष्ट. खारेपाटातली शेतं समुद्राच्या पातळीच्या जरा खालीच म्हणा ना. मध्ये मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं, आणि मग त्या जमिनीत भात होत नाही, तिवरांची झुडपं उगवतात. हे आमच्या शाळेतलं पहिलीचं पोरही जाणतं. सरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एका शनिवारी अख्खा वर्ग बांधावर नेला आणि म्हणाले, "खेकड्यांची बिळं शोधा. काठी घाला, खणा, आत कोण राहतं बघू." मुलं एकमेकांकडे बघत राहिली. पण सर सांगतायत म्हटल्यावर दोघातिघांनी खणायला घेतलं. मीही एक बीळ घेतलं. मला चिंबोरी आवडते.

एवढ्यात शेतातून एक माणूस ओरडत पळत आला. दर्शनाचा बाप, हिराजी.

"ए मास्तर! बांध फोडाला आलाव काय? अरं, खेकड्याच्या एका बिलातून पानी घुसतं नि उधानाला बांध जातो! त्या तिकडं बगा," त्याने बांधापलीकडच्या तिवरांकडे हात केला. "ती तिवरं दिसतान? ती माजी शेती हाय."

दर्शना मान खाली घालून उभी होती. मी हातातली काठी हळूच पाठीमागे लपवली.

सर म्हणाले, "मला माहीत नव्हतं." एवढंच. सबब नाही, हेतू चांगला होता वगैरे नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खाली बसले आणि चिखलाचे गोळे करून बिळं बुजवायला लागले. दुपार कलेपर्यंत कोपरापर्यंत चिखलात. हिराजी कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "मास्तर, उठा तुमी. ह्यो काय लाडू वलतंव काय? असा नाय. पायानं दाबाचा." आणि सरांनी बुजवलेलं प्रत्येक बीळ त्याने पुन्हा बुजवलं.

पुढच्या शनिवारी सर एक पिशवीभर चिंध्या घेऊन आले. आळीभर फिरून जुनी लुगडी, ओढण्या गोळा केल्या होत्या. आमच्या हिची एक साडी होती, जी अजून जुनी झालेली नव्हती हे तिचं म्हणणं आजही कायम आहे. उधाणाच्या आधी मुलांनी बांधावर फिरायचं, जिथे बीळ दिसेल तिथे काठी रोवून चिंधी बांधायची. खणायचं नाही. मागून गावकरी येऊन बिळं बुजवणार. हा आमच्या शाळेचा विज्ञानाचा तास झाला. अमावास्या-पुनव जवळ आली की बांधावर रंगीत चिंध्या फडफडायच्या, आणि बायका शेतातून ओळखायच्या, "ती बग गो, मास्तरीनबाईंची साडी!"

एकदा दर्शनाने विचारलं, "सर, भांगाला पानी कमी होतं तं चिंध्या खाली होत्या. आता उधान येनार तं बिलं वर सरकलीत. खेकड्यांना कोन सांगतं?"

सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं यांना उत्तर पाठ आहे. पण ते म्हणाले, "मला माहीत नाही!" आनंदाने, टाळी वाजवून. "चल, बघू या."

मी वर्गात आजतागायत हे वाक्य उच्चारलेलं नाही. कुणी शब्दाचा अर्थ विचारला आणि मला येत नसला, तर मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "शोधून आणा. तो तुमचा गृहपाठ."

पुढे दर्शनाची बारावी झाली, पेणला कॉलेज झालं. शनिवारी ती आमच्या शाळेत यायची, सरांच्या मदतीला. त्याच सुमारास एके दिवशी सरांनी सूक्ष्मदर्शक लावला, नेहमीसारखा डोळा टेकवून नीट केला, आणि म्हणाले, "या, बघा. काय सुंदर आहे!"

पहिला मुलगा वाकला. थोडा गोंधळला. "हो सर, छान."

दुसरी वाकली. "दिसतंय सर."

मग मी वाकलो. नुसता पांढरा उजेड. काचपट्टी कोरडी होती. "वा! आज अगदी स्पष्ट," मी म्हणालो.

मग दर्शना वाकली. वर झाली. सरांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, पानीच नाय टाकलंय."

सरांनी हात पुढे करून काचपट्टी चाचपली. बोट कोरडंच राहिलं. मग हसले. "एवढ्या सगळ्यांत शास्त्रज्ञ ही एकटीच," म्हणाले.

काचबिंदू होता. बऱ्याच दिवसांपासून दिसणं आत आत आक्रसत चाललं होतं आणि त्यांनी ताईंनाही सांगितलं नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर शनिवारी सर खुर्चीत बसायचे, दर्शना सूक्ष्मदर्शकापाशी, आणि ते विचारायचे, "सांग, काय दिसतंय?" ती सांगायची. हिरवी साखळी दिसते. तांदळाच्या कणीएवढं एक, दोन मिशा, उड्या मारतंय. काटेरी टोपीवालं एक. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच विचारायचे, "टोपीवालं कुठे गेलं?" ती म्हणायची, "हाय सर, कडेला गेलंय." तेव्हा त्यांना बरं वाटायचं.

तिला गोव्याला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, समुद्रशास्त्राच्या. घरून नकार आला. सर म्हणाले, "मला तिच्या घरी न्या." मी त्यांना स्कूटरवर घेतलं. त्या दिवशी मांडीवर काही नव्हतं, तरी दोन्ही हात बरणी धरल्यासारखे पुढे.

हिराजीने खाट टाकली. सरांचा हात धरून बसवलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमी भला मानूस. पन ज्या पान्यानं माजी शेती खाल्ली, त्याच पान्यात पोर घालू?"

मी तोंड उघडलं. आपण मुलींच्या शिक्षणावर भाषण करू शकतो अशी माझी समजूत आहे. सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

हिराजीच पुढे म्हणाला, "पोर बोटीवर जाल, त्या लांबच्या पान्यात. परत येल का?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

मी मनात कपाळावर हात मारला. संपलं, म्हटलं.

"शिकून ती तिकडेच राहील, की इकडे येईल?"

"तेही माहीत नाही. माझ्या डोळ्यांदेखत होईल की नाही, तेही नाही. तिला प्रश्न पडतात, एवढंच मला माहीत आहे."

हिराजीने उंबऱ्याबाहेर पाहिलं. तिथून ती तिवरं दिसतात. मग माझ्याकडे वळून, जणू सर तिथे नाहीतच, असं म्हणाला, "गुरुजी, बांध गेला तवापासून किती साहेब आलं. जो आला तो म्हनाला, होईल. बांध होईल, समदा होईल, कालजी नका करू. ह्यो पयला मानूस, जो म्हनतो माहीत नाय." आणि आत वळून हाक मारली, "गो दर्शे, मास्तरांना चाय ठेव. नि तुजी ती बॅग काढ. चेन तुटलीय तिची, पेणला नेऊन शिवू."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "हळू गं."

ती गेली. दोन वर्षं ती फोनवरून सांगायची आणि सर ऐकायचे. शेवटच्या वर्षी तिची संशोधनाच्या बोटीवर जाण्याची पाळी आली. निघताना विचारलं, "सर, काय आनू?" म्हणाले, "एक बाटली पाणी. लांबचं. जिथून किनारा दिसत नाही तिथलं. आणि उलटी झाली तर मला सांगू नकोस."

बोटीवर रेंज नसायची. संध्याकाळी मी सरांकडे जाऊन बसायचो. ते रोज विचारायचे, "आज बोट कुठे असेल?" मी माझ्या मुलीचा अॅटलास मांडीवर घेऊन बोटाने ती पुढे सरकवायचो आणि तोंडाने सांगायचो. भूगोल हा माझा विषय नव्हे. एकदा ते म्हणाले, "अहो, तुम्ही बोट ओमानच्या डोंगरावर चढवलीत." ताई आतून पदराला तोंड लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी मी बोट खाली उतरवली. सरांनी समाधानाने मान हलवली. "आता ती परतीला लागली असेल."

ती परतीला लागण्याआधीच सर गेले. सकाळी ताई चहा घेऊन गेल्या तर खुर्चीतच होते. डोळे मिटलेले, ऐकत असल्यासारखे.

रेंज आल्यावर दर्शनाने पहिला फोन सरांना लावला. ताईंनी उचलला. ती पलीकडून घाईने म्हणाली, "सर, एकदा पन नाय झाली उलटी!" ताई मला नंतर म्हणाल्या, "मी काय करू? मी म्हटलं, शाब्बास. आणि मग सांगितलं."

कोलाडला गाडीतून उतरून ती थेट रोह्याला आली. हिराजी सोबत होता. तिने गोधडीतून सूक्ष्मदर्शक काढला, बाटलीचं बूच उघडलं, थेंब घेतला. खोलीत आम्ही उभे. सरांची खुर्ची तिच्या समोर, रिकामी. ती वाकली. पाहत राहिली. 'काय दिसतंय?' असं विचारणारंच कुणी नव्हतं.

मग ताई पुढे आल्या. गुडघे धरत धरत त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सांग गं. काय दिसतंय?"

ती सांगू लागली. खूप वेळ सांगत होती. मी अंगणात येऊन जास्वंदीकडे बघत उभा राहिलो. जास्वंदीला त्या दिवसांत फूल नव्हतं.

निघताना हिराजी दाराशी घुटमळला. चप्पल घातली, काढली. मग म्हणाला, "ताय, मास्तरांची जुनी शर्टं हायत का? पुनव आलीय. चिंध्या सरल्यात."

ताईंनी कपाट उघडलं. घड्या तशाच होत्या. सगळे त्याच्या हातात दिले.

त्या शनिवारी मी वर्ग बांधावर नेला. मुलं पुढे गेली होती. हिराजी मागे राहून एका काठीला पट्टी बांधत होता. त्या तुकड्यावर खिसा होता, आणि खिशावर मिठाचा पिवळट गोल. एका मुलाने जवळ येऊन त्या बिळात काठी घालायला हात पुढे केला. हिराजीने त्याचं मनगट धरलं.

"हलू," तो म्हणाला.

मग त्याने काठीवरच्या पट्टीची गाठ पुन्हा आवळली. बांधाच्या पलीकडून पाणी चढत होतं. पांढरे शर्ट बांधावर लांबपर्यंत, वाऱ्याला लागले होते.